ओएनएसडी मोजताना कॅलिपर नक्की कुठे ठेवायचा? दोघांच्या मापांत जवळजवळ १ मिमीचा फरक

पहाटपाळी

नमस्कार मंडळी. आयसीपी (कवटीच्या आतला दाब) मोजणारा मॉनिटर बसवता येत नाही असे रुग्ण आयसीयूत नेहमीच असतात. कुणाच्या प्लेटलेट खूप कमी, कुणाचं यकृत निकामी, तर कुठे न्यूरोसर्जन लगेच मिळणारा नसतो. अशा वेळी डोळ्याच्या सोनोग्राफीने ऑप्टिक नर्व्हभोवतीच्या आवरणाचा म्हणजे शीथचा व्यास (ओएनएसडी) मोजला जातो; दाब वाढला की ही शीथ फुगते. पद्धत सगळ्यांना पाठ आहे: लिनियर प्रोब, बंद पापणी, नेत्रगोलाच्या मागे ३ मिमीवर आडवं माप. तरीही त्याच डोळ्यावर दोघांनी लागोपाठ मोजलं की एकाचं माप ५.१ मिमी येतं आणि दुसऱ्याचं ६.०. पहिल्याच्या हिशेबाने काही करायला नको, दुसऱ्याच्या हिशेबाने मॅनिटॉल (दाब उतरवणारं औषध) सुरू. यातलं कुठलं माप खरं धरायचं?

काळ्या पट्ट्याची कडा धरायची की बाजूच्या पांढऱ्या रेघांची? ३ मिमीच का, ४ किंवा ५ का नाही? कट-ऑफ (ज्याच्या वर दाब वाढलेला धरायचा तो आकडा) कुठे ५ मिमी लिहिलेला सापडतो तर कुठे जवळजवळ ६. एवढी तफावत कशामुळे? मशीन साधं पोर्टेबल आहे, प्रोब ५ ते १२ मेगाहर्ट्झचा लिनियर आहे आणि डोळ्यासाठी वेगळा प्रीसेट (तयार सेटिंग) नाही.

---

न्यूरोक्रिटिकल

कॅलिपरकडे नंतर येऊ. प्रीसेट नाही, हे आधी निस्तरायला हवं.

डोळ्यासाठी एफडीएची (अमेरिकी औषध-उपकरण नियामक) मर्यादा मेकॅनिकल इंडेक्स (एमआय) ०.२३ आणि इंटेन्सिटी दर चौरस सेंटिमीटरला ५० मिलिवॅट अशी आहे. रक्तवाहिन्यांच्या प्रीसेटमध्ये हीच इंटेन्सिटी ७२० पर्यंत चालते. म्हणजे व्हॅस्क्युलर प्रीसेट तसाच ठेवून डोळ्यावर प्रोब ठेवणं योग्य नाही. आउटपुट पॉवर कमी करत जा. स्क्रीनच्या कोपऱ्यात एमआय ०.२३ किंवा त्याखाली आणि थर्मल इंडेक्स १ च्या खाली आला की थांबा. ही सेटिंग वेगळ्या नावाने सेव्ह करून ठेवा, म्हणजे रात्रपाळीच्या माणसाला परत शोधत बसावं लागणार नाही. पॉवर खाली आली की चित्र थोडं अंधुक होतं. ते गेन वाढवून भरून काढा, पॉवर पुन्हा वर नेऊ नका. चित्र मिळालं की फ्रीझ करा आणि प्रोब उचलूनच माप घ्या.

चेहऱ्याला किंवा डोळ्याला मार असेल आणि नेत्रगोल फाटल्याची शंका असेल, तर ही तपासणी करायची नाही. इतरांमध्येही पापणीवर दाब पडता कामा नये. दाबाने व्हेगल प्रतिक्षेप येऊन हार्ट रेट पडू शकतो, म्हणून नजर मॉनिटरवरही असू द्या.

रुग्ण उताणा, डोकं ३० अंश वर, मान सरळ. बंद पापणीवर पारदर्शक फिल्म लावा, पण क्लोरहेक्झिडीन असलेली फिल्म चुकूनही वापरू नका. ते कॉर्नियाला जाळतं. फिल्मखाली हवेचा बुडबुडा राहिला की त्याच्या मागचं सगळं काळं दिसतं, त्यामुळे नाकाकडून कानाकडे हलक्या बोटाने सपाट करा. वर निर्जंतुक जेलचा जाड थर द्या. प्रोब जेलवर तरंगला पाहिजे, पापणीला टेकायला नको. हाताची करंगळी आणि तळव्याची कड कपाळावर किंवा गालाच्या हाडावर टेकवलीत की हात स्थिर राहतो आणि दाबही पडत नाही.

डेप्थ ४ ते ५ सेमी ठेवा. फोकस ऑप्टिक डिस्कच्या (नर्व्ह नेत्रगोलाला मिळते ती जागा) जरा मागे हवा, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. ओएनएसडी हे माप बीमला आडवं घेतलं जातं, म्हणजे त्याची अचूकता लॅटरल रेझोल्यूशनवर ठरते आणि ते फोकसच्या पातळीवरच सर्वांत चांगलं असतं. १० मेगाहर्ट्झला तरंगलांबी साधारण ०.१५ मिमी. लॅटरल रेझोल्यूशन त्याच्या दोन-तीन पट धरलं तरी ०.३ ते ०.४५ मिमीची धूसरता प्रत्येक कडेला राहतेच. फोकस १ सेमीवर विसरला गेला असेल तर ती आणखी वाढते. प्रोबची जी सर्वांत वरची फ्रिक्वेन्सी त्या खोलीवर स्पष्ट दिसते तीच वापरा.

प्रोब पापणीच्या मधोमध ठेवलात तर बीम लेन्समधून जातो, वाकतो आणि मागचं चित्र बिघडवतो. त्याऐवजी पापणीच्या बाहेरच्या अर्ध्या भागावर, कानाच्या बाजूला ठेवा आणि नाकाकडे थोडा तिरका करा. ऑप्टिक नर्व्ह मागे जाताना आत, नाकाच्या दिशेने जाते. या कोनातून ती लेन्स टाळून पूर्ण लांबीत दिसते.

आता कॅलिपर. चांगल्या चित्रात आतून बाहेर जाताना क्रम असा दिसतो: मधोमध गडद राखाडी नर्व्ह, तिच्या दोन्ही बाजूंना उजळ पट्टे म्हणजे सबअॅरॅक्नॉइड जागा (इथे सीएसएफ, म्हणजे मेंदूभोवतीचा द्रव, असतो), त्याबाहेर पातळ काळी रेघ म्हणजे ड्युरा (शीथचं बाहेरचं आवरण) आणि त्यापलीकडे पांढरी चरबी. डिस्कच्या मागच्या कडेपासून नर्व्हच्या अक्षावर ३ मिमी मोजा. तिथे अक्षाला काटकोनात दुसरं माप घ्या, एका उजळ पट्ट्याच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत. म्हणजेच ड्युराच्या आतली बाजू. दुसरा माणूस ड्युराची काळी रेघही मापात धरत असेल तर त्याचं माप सहज अर्धा मिमी किंवा त्याहून जास्त येईल. तुमच्या ५.१ आणि ६.० मधला बराचसा फरक यातूनच येत असणार, असं माझं ठाम मत आहे.

३ मिमीचं कारण रचनेत आहे. नेत्रगोलाच्या लगेच मागे शीथ सैल असते आणि तिच्या आतली सीएसएफची जागाही सर्वांत रुंद असते. ऑप्टिक कॅनालकडे जाताना ती आवळत जाते. १९९० च्या दशकात हान्सेन आणि हेल्मके यांनी सीएसएफचा दाब वाढवून दाखवून दिलं की फुगते ती मुख्यतः ही पुढची शीथ. ५ किंवा ६ मिमी मागे मोजलं तर दाब वाढूनही माप फारसं हलत नाही.

माप दोन्ही डोळ्यांत, आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही प्रतलांत घ्या आणि सरासरी काढा. दोन डोळ्यांत ठळक फरक असेल तर सरासरी काढून मोकळे होऊ नका, आधी त्या डोळ्यातच काही आहे का ते बघा.

---

लंबरलाइन

वरच्या तंत्राशी सहमत. कट-ऑफबद्दल मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथे आहे.

२००८ सालचेच दोन अभ्यास शेजारी ठेवा. आपत्कालीन विभागाशी संबंधित किम्बर्ली आणि सहकाऱ्यांचा अभ्यास ५ मिमी सांगतो. न्यूरोक्रिटिकल केअरमधला जीरार्ट्स आणि सहकाऱ्यांचा अभ्यास ५.८६ मिमी सांगतो. वाचणारा म्हणतो, यातला एक चुकला. पण किम्बर्ली यांनी वाढलेला दाब म्हणजे २० सेंटिमीटर पाणी धरला होता, आणि २० सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे १४.७ मिमी एचजी. जीरार्ट्स यांच्याकडे उंबरठा २० मिमी एचजीचा होता. प्रश्न वेगळा, म्हणून उत्तर वेगळं. ५ मिमीचा आकडा उचलून आयसीपी २० मिमी एचजीच्या वर आहे असा अर्थ लावला की कितीतरी रुग्णांना नको ते उपचार मिळतात. कट-ऑफ वापरण्यापूर्वी तीन गोष्टी बघा: दाबाचं एकक कोणतं, उंबरठा किती, आणि माप ड्युराच्या आतून घेतलंय की बाहेरून.

या तिसऱ्या मुद्द्यावर न्यूरोक्रिटिकल सरांच्या म्हणण्याला एक जोड द्यावीशी वाटते. आतली कड हीच रचनेच्या दृष्टीने बरोबर, हे मान्य. पण जुन्या बऱ्याच अभ्यासांत कडा नीट सांगितलेलीच नाही. त्यामुळे आतून मोजायचं आणि बाहेरून मोजलेला कट-ऑफ लावायचा, असं झालं तर वाढलेला दाब हातातून निसटेल. उलट केलंत तर खोटी धोक्याची घंटा वाजेल. एका युनिटमध्ये सगळ्यांनी एकच कड ठरवावी आणि ती रिपोर्टमध्ये लिहावी.

व्यवहारात मी असं बघतो: आतून मोजलेलं माप ५ मिमीच्या खाली असेल, चित्र चांगलं असेल आणि बाकी काही विरोधात नसेल, तर दाब फार वाढलेला असण्याची शक्यता कमी. ६ च्या वर असेल तर दाब वाढलाय असंच धरून पुढचं पाऊल उचलायचं. मधल्या पट्ट्यात एकट्या मापावर काहीही ठरवायचं नाही. तिथे बाहुल्या, सीटी आणि ट्रान्सक्रेनियल डॉपलरचा (मेंदूतल्या रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) पल्सॅटिलिटी इंडेक्स हे सगळं एकत्र बघावं लागतं. नेत्रगोलाच्या आडव्या व्यासाने ओएनएसडीला भागून गुणोत्तर काढलं की शरीराच्या आकारमानाचा परिणाम थोडा कमी होतो. मधल्या पट्ट्यात त्याचाही आधार घेता येतो.

लहान मुलांना मोठ्यांचा आकडा लावू नका. एक वर्षाखाली ४ मिमी आणि त्यानंतर सुमारे १५ वर्षांपर्यंत ४.५ मिमी ही रूढ वरची मर्यादा आहे.

माप मोठं पण आयसीपी नॉर्मल, असं कुठे होतं? ऑप्टिक न्यूरायटिस, थायरॉइडचा डोळ्याचा आजार, नर्व्हच्या शीथचा मेनिंजिओमा, सार्कॉइडोसिस, ऑर्बिटमधली गाठ किंवा रक्तस्राव. आधी कधीतरी दाब खूप वाढून गेला असेल तर शीथची लवचीकता कमी होते आणि दाब उतरल्यावरही ती पूर्ण आकसत नाही. दुसरी बाजू जास्त धोक्याची आहे. मेंदूज्वरातल्या चिकटपणामुळे किंवा ऑप्टिक कॅनालच्या पातळीवरच्या अडथळ्यामुळे कवटीतला सीएसएफ शीथपर्यंत पोचतच नाही, आणि आत दाब असूनही माप नॉर्मल येतं.

बाहुल्या असमान झाल्या, जीसीएस (शुद्धीच्या पातळीचा गुण) घसरला, तर प्रोब शोधत बसू नका. ऑस्मोथेरपी (मॅनिटॉलसारखी औषधं) आणि सीटी आधी.

---

पहाटपाळी

मनापासून आभार, दोघांचेही. एककाचा मुद्दा डोळे उघडणारा आहे, तो आजच्या आज युनिटमध्ये सगळ्यांना सांगते.

आणखी दोन शंका. बेशुद्ध रुग्णाचे डोळे वर फिरलेले असले की डिस्क सापडतच नाही. सापडली तरी मागचा काळा पट्टा म्हणजे नर्व्ह की नुसती सावली, ते कळत नाही. आणि मॅनिटॉल दिल्यावर पुन्हा कधी मोजायचं?

---

नेत्रध्वनी

सावलीचं मी सांगते, कारण नेत्रविभागाकडे शंका म्हणून येणाऱ्या क्लिपमध्ये हीच चूक सर्वांत जास्त असते.

डिस्क आणि लॅमिना क्रिब्रोसा बीम अडवतात आणि त्यांच्यामागे काळी सावली पडते. ही सावली बीमच्या दिशेने सरळ खाली जाते, तिच्या कडा समांतर आणि धारदार असतात आणि आत काहीही दिसत नाही. खरी नर्व्ह थोडी तिरकी किंवा वळणाची असते, आत राखाडी पोत असतो आणि बाजूला शीथचे उजळ पट्टे दिसतात. प्रोब जागेवरच जरा डोलवा. सावली बीमबरोबर फिरते, नर्व्ह आपल्या जागी राहते. तरी खात्री होत नसेल तर दोन-तीन सेकंद कलर डॉपलर लावा. वेग कमी असल्यामुळे स्केल आणि वॉल फिल्टर दोन्ही खाली ठेवा. खऱ्या नर्व्हमध्ये मधोमध सेंट्रल रेटिनल आर्टरी आणि व्हेन शेजारी शेजारी लाल-निळ्या दिसतात. सावलीत काही दिसत नाही.

डोळे वर फिरलेले असले तर नर्व्हचा पुढचा भाग खाली सरकतो, कारण डिस्क नेत्रगोलाच्या मागच्या बाजूला असते. मग बीमही खाली वळवायला हवा. प्रोब वरच्या पापणीच्या वरच्या भागावर ठेवून पायांच्या दिशेने तिरका करा. डोळा पापणीवरून ढकलून सरळ करायचा प्रयत्न करू नका.

प्रोब डोळ्यावर आहेच, तर आणखी काही गोष्टी बघायलाच हव्यात. ओएनएसडीचं माप घेऊन लगेच पुढे जाणारे बरेच जण महत्त्वाचा भाग सोडून देतात, याचं वाईट वाटतं.

पहिली म्हणजे डिस्कचा उंचवटा. रेटिनाच्या पातळीपासून डिस्क व्हिट्रियसमध्ये (डोळ्यातला जेलीसारखा भाग) किती वर आली ते मोजा. ०.६ मिमीच्या वर असेल तर पॅपिलेडीमाची (दाबामुळे सुजलेली डिस्क) शंका, १ मिमीच्या वर असेल तर ती बरीच पक्की. शीथ दाबाबरोबर काही मिनिटांत फुगते, डिस्क सुजायला मात्र तास किंवा दिवस लागतात. त्यामुळे शीथ रुंद आणि डिस्क सपाट असेल तर दाब नुकताच वाढला असावा. दोन्ही असतील तर गोष्ट जुनी आहे. व्हीनस सायनस थ्रॉम्बोसिस, इडिओपॅथिक इंट्राक्रेनियल हायपरटेन्शन यांचा विचार करा. डिस्कमध्ये चमकदार ठिपका असेल, गेन अगदी खाली आणला तरी तो विझत नसेल आणि मागे सावली पडत असेल, तर ते ड्रूझन (डिस्कमधले कॅल्शियमचे साठे). त्याने डिस्क उंच दिसते, पण तो पॅपिलेडीमा नव्हे. ड्रूझनच्या सावलीत शीथही मोजू नका.

दुसरी, सबअॅरॅक्नॉइड हेमरेजच्या रुग्णात व्हिट्रियसमधलं रक्त, म्हणजे टर्सन सिंड्रोम. नेहमीच्या गेनवर व्हिट्रियस स्वच्छ काळं दिसतं आणि ताजं रक्त निसटतं. मुद्दाम गेन वाढवून एक फेरी मारा. बारीक, तरंगणारे ठिपके डोळ्याच्या हालचालीबरोबर घुसळल्यासारखे फिरतात. सेडेशनमधला रुग्ण डोळा हलवत नाही, तेव्हा मानेच्या मणक्यांना इजा नाही याची खात्री असेल तरच डोकं हलकेच बाजूला वळवून बघा. जाड उजळ पडदा दिसला आणि तो डिस्कला चिकटलेला असला तर रेटिनल डिटॅचमेंट समजा. डिस्कवरून सरळ पलीकडे जाणारा, पातळ आणि जास्त हलणारा पडदा बहुधा पोस्टेरियर व्हिट्रियस डिटॅचमेंट असतो. टर्सन सापडला की नेत्रतज्ज्ञांना कळवा. रुग्ण शुद्धीवर आल्यावर त्याला दिसत नाही, आणि सगळे त्याचं कारण मेंदूत शोधत राहतात.

तिसरी म्हणजे बाहुली. पापण्या इतक्या सुजल्या आहेत की उघडत नाहीत, तेव्हा हे तंत्र अनमोल आहे. प्रोब खालच्या पापणीच्या बाहेर, गालाच्या हाडाच्या कडेला आडवा ठेवा आणि बीम वर, कपाळाच्या दिशेने वळवा, म्हणजे आयरिसच्या प्रतलातला छेद मिळेल. आयरिस उजळ कड्यासारखी आणि मधली बाहुली काळी गोल दिसते. दुसऱ्या डोळ्यावर प्रकाश टाका आणि आकुंचन बघा. तो डोळाही बंद असेल तर तेजस्वी टॉर्च पापणीवरूनही चालतो. एम-मोड लावला तर आधीचा आणि नंतरचा व्यास मिमीत मोजता येतो. जेल आणि फिल्मचे नियम तेच.

जागा झालेल्या, सांगितलेलं ऐकणाऱ्या रुग्णात शीथ रुंद दिसली आणि ती सीएसएफने की नर्व्हच जाड झाल्याने, हा प्रश्न असेल तर ३० अंशांची चाचणी आहे. ती मुळात ए-स्कॅनवर करतात. समोर बघताना मोजा, मग ३० अंश बाहेर बघायला लावून मोजा. द्रव असेल तर शीथ ताणली जाऊन माप साधारण १० टक्के किंवा जास्त कमी होतं. घट्ट गाठ किंवा सूज असेल तर माप तसंच राहतं.

अचानक एका डोळ्याने दिसेनासं झालेल्या रुग्णात डिस्कच्या लगेच मागे, नर्व्हच्या आत चमकदार ठिपका दिसतो का, तेही बघा. सेंट्रल रेटिनल आर्टरीत अडकलेला कॅल्शियम किंवा कोलेस्टेरॉलचा एम्बोलस असा दिसतो. असा एम्बोलस गुठळी विरघळवणाऱ्या औषधाने विरघळण्याची शक्यता कमी असते.

---

न्यूरोक्रिटिकल

मॅडमनी सावलीचं उत्तम सांगितलं. मॅनिटॉलचं उत्तर राहिलं.

मात्रा ०.२५ ते १ ग्रॅम प्रति किलो असते, आणि इन्फ्यूजन संपल्यावर २० ते ३० मिनिटांनी पुन्हा मोजणं सोयीचं. तुलना मात्र सारख्याच परिस्थितीत व्हायला हवी: डोकं तितकंच वर, तोच माणूस, तेच प्रतल, तीच कड. खोकला, सक्शन, व्हेंटिलेटरशी झगडणं आणि वाढलेला कार्बन डायऑक्साइड यांनी शीथ काही मिनिटांत रुंदावते. सक्शननंतर किमान पाच मिनिटं थांबा आणि त्या वेळचा एंड-टायडल सीओटू (उच्छ्वासाच्या शेवटचा कार्बन डायऑक्साइड) नोंदवा. आधी ४२ आणि नंतर ३४ असेल तर माप कमी झाल्याचं श्रेय मॅनिटॉलला देता येणार नाही.

०.२ मिमीच्या आतला बदल हा बदल मानू नका. तेवढी चूक मापातच असते. ०.५ मिमी किंवा जास्त फरक, तोही दोन्ही डोळ्यांत एकाच दिशेने असेल, तर विश्वास ठेवण्याजोगा. आणि माप कमी झालं नाही म्हणून औषध निष्फळ ठरलं, असंही नाही. लंबरलाइन सरांनी लिहिलंय तसं ताणलेली शीथ मागे राहू शकते. बाहुली आणि डॉपलर सुधारत असतील तर ते जास्त महत्त्वाचं.

नवीन माणसाने स्वतःच्या मापावर उपचार ठरवण्याआधी साधारण २५ तपासण्या अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली कराव्यात, त्यात वाढलेली मापंही असावीत. सगळ्या नॉर्मल डोळ्यांवर शिकलेला हात रुंद शीथ पहिल्यांदा दिसली की तिलाच सावली समजतो.

रिपोर्ट असा लिहा म्हणजे पुढच्या पाळीतल्या माणसाला तुलना करता येईल:

"उजवा ५.४ आडवं, ५.५ उभं, डावा ५.६ आडवं, ५.५ उभं, सरासरी ५.५ मिमी. डिस्कमागे ३ मिमीवर, ड्युराच्या आतल्या कडेने. डिस्क सपाट, व्हिट्रियस स्वच्छ. डोकं ३० अंश, एंड-टायडल सीओटू ३६, सेडेशन चालू. चित्राचा दर्जा चांगला, शीथचे पट्टे दोन्ही बाजूंना स्पष्ट."

शेवटचं वाक्य लिहिता येत नसेल तर मापाच्या जागी "मोजता आलं नाही" असं लिहा आणि दोन तासांनी दुसऱ्या माणसाला बघायला सांगा.